प्रार्थनेच्या वेळी मशीन बंद

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सुतार आज पुन्हा मागे सरकला! खडूने फुली मारून दिली आहे, तिच्यावर उभं राहायचं, एवढंच काम. पण गाणं सुरू झालं की हा गडी अर्धं पाऊल मागे. दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा जाऊन त्याच्या बुटांभोवती गोलच आखून आलो. म्हटलं, "या गोलाबाहेर गेलास तर गाणं नर्सबाईला देईन." हसला. हसणं हा त्याचा जुना आजार आहे.

तर आज तिसरं गाणं झालं. शाळेच्या सभागृहात. सात व्हायची आहेत, सात ठिकाणी. जे गाणं जिथे सुचलं तिथेच जाऊन ते एका दमात घ्यायचं, मधोमध दोन माइक आणि भोवती सगळे उभे. मागाहून काही कमी-जास्त करता येत नाही. कुणाचा आवाज मोठा झाला तर त्याला मागे न्यायचं, बारीक वाटला तर पुढे आणायचं. आमचं मिक्सिंग म्हणजे खडू आणि लोकांचे पाय. हेडफोन माझ्या कानाला, म्हणून कोणी कुठे उभं राहायचं ते मी ठरवतो. एकोणीस वर्षं ठरवतो आहे.

एक नोव्हेंबरला सीडी छपाईला जाणार. वेळ आहे, पण फार नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर व्हॅनमध्ये. सुतार चालवतो, मास्तर पुढे बसून त्याला रस्ता सांगतात आणि तो चुकतो. मागे गिटार घेतलेली नर्सबाई, आमची ही, मी आणि माझं मशीन. ते चौघं गाणी लिहितात, चौघं गातात. मी लिहीत नाही, गात नाही. मी ऐकतो.

एका चर्चच्या कमिटीने मागे आम्हाला सांगितलं होतं, "गाणी चांगली आहेत, पण जरा जास्तच तुमची आहेत." मग गाण्यांच्या कंपनीत गेलो. तिथला साहेब म्हणाला, "आवाज सुरेख. देव थोडा कमी करता येईल का?" दोन्हीकडून नमस्कार करून बाहेर! तेव्हापासून आपलं आपण. आपणच लिहायचं, आपणच गायचं, आपणच छापायचं, आणि बोलावतील तिथे आपल्याच व्हॅनने जायचं.

नर्सबाई माझ्या उजव्या हाताला बसून बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी मान डोलावली. नंतर कळलं, पाण्याची बाटली मागत होती. व्हॅनचा सायलेन्सर बघून घ्यायला हवा.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी एका छोट्या चर्चच्या मंडळीसमोर चौघं गायले. पंचवीस-तीस माणसं. पहिल्या बाकावरचे एक गृहस्थ शेवटपर्यंत डोळे मिटून होते. भारावले होते की झोपले होते, कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी 'ऐकणं' झालं. रेकॉर्डिंग झालं की आम्ही एकत्र बसून ते गाणं एकदा लावतो आणि प्रत्येकाने त्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. दोष काढायचा नाही. मास्तरांचा नियम: "गुण माणसाला सांगावा, दोष देवाला." आमचा सगळा संसार या नियमावर चालला आहे. गाण्यांपायी फुटलेली मंडळं मी पाहिली आहेत. आमचं कधी फुटलं नाही.

नर्सबाई म्हणाली, शेवट छान शांत झालाय. मास्तर म्हणाले, शब्द स्वच्छ आहेत. ही म्हणाली, बरं झालंय. सुतार बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "माझा आवाज... ऐकू येतोय."

तुझा आवाज तुला ऐकू येतोय! धन्य.

८ ऑक्टोबर, बुधवार

चौथं गाणं, नर्सबाईचं. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये. दुपारी दोन ते चार तिथे पेशंट नसतात, तेवढ्यात उरकायचं होतं. याच बाकावर बसून तिने ते औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं होतं.

तू माझ्याआधी आलास,
चादर बदलून गेलास —

या दोन ओळींवर माझा जीव आहे. बाईला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

गाण्याआधी चौघं गोल करून प्रार्थना करतात. तेवढा वेळ मशीन बंद, आणि मी दाराबाहेर, मध्येच कुणी आत शिरू नये म्हणून. मशीनच्या झाकणावर मी पुठ्ठाच चिकटवला आहे: प्रार्थनेच्या वेळी मशीन बंद. पहिल्या वर्षी एका बाईंची प्रार्थना चुकून कॅसेटवर गेली आणि ती त्यांच्या सासूबाईंनी स्वयंपाकघरात बसून ऐकली. प्रार्थना सासूबाईंबद्दलच होती! तेव्हापासूनचा हा नियम. मी एकदाही मोडलेला नाही.

आज प्रार्थना फार लांबली. सहा-सात मिनिटं मी दारात राखणदार. एक आजोबा एक्स-रे हलवत आत घुसू पाहत होते, त्यांना कसंबसं थोपवलं.

गाणं झालं, पण सुतार नुसता पुटपुटतो. आणखी पुढे आणला, तरी तेच. सगळ्यांसमोर ओरडलो त्याच्यावर. मागाहून वाईट वाटलं. थोडंसंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

घोटाळा झाला.

कालचं गाणं सकाळी उघडलं, तर सव्वाचार मिनिटांच्या गाण्याच्या आधी सहा-साडेसहा मिनिटं भलतंच काही. प्रार्थनेपूर्वी आवाज बघायला मशीन चालू केलं होतं. मग बंदचं बटण दाबलं होतं. शपथेवर सांगतो, दाबलं होतं! पण मशीन जुनं आहे. बटण पूर्ण खाली गेलं की 'टक्' वाजतं, मी त्या आवाजावरच विसंबतो. काल टक् वाजलं नाही. आणि ते वाजलं नाही हे मला कळलंच नाही. गाण्याआधी पुन्हा चालूचं बटण दाबलं, तेही सवयीने, मशीनवरचे मिनिटांचे आकडे न बघता.

न ऐकता पुसायला हवं होतं. कुठून कापायचं तेवढं बघावं म्हणून सुरुवातीला लावलं. हिचा आवाज आला. एरवी ही प्रार्थनेत पुटपुटते, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. काल मात्र सावकाश, मोठ्याने, शब्द न् शब्द —

"देवबापा, ह्यांच्या उजव्या कानाचं तुला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. ह्यांनाही ठाऊक आहे, पण हे स्वतःशीसुद्धा बोलत नाहीत."

इथे कापायला हवं होतं. नाही कापलं.

हिने तोंड फोडल्यावर बाकीच्यांचंही सुटलं. सुतार म्हणाला, "प्रभू, तिन्ही गाण्यांत मी सगळ्यांच्या डोक्यावर बसलोय. काका मला पुढे पुढे आणतात. मी मागे सरकून बघितलं, हळू गाऊन बघितलं. खोटे गुण सांगायचा कंटाळा आला आता." नर्सबाई म्हणाली, "पेशंटना मी रोज रागावते, आधी का दाखवलं नाही म्हणून. घरच्या माणसाला सांगायची छाती होत नाही. मला क्षमा कर." मास्तरांनी आधी व्हॅनचा मागचा टायर, दोन आजारी भाचे आणि जगाची शांती एवढं घेतलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो नियम माझाच आहे. त्याचं ओझं माझ्यावर."

शेवटी पुन्हा ही. "ह्यांना एवढं कळू दे, की कान गेला तरी आम्ही कुठे जात नाही. आमेन."

चार आमेन. मग दार उघडल्याचा आवाज, आणि माझा: "झालं का? चला, पटापट उभे राहा!"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कुणाशी बोललो नाही. डोकं दुखतंय म्हटलं. नर्सबाईने गोळी दिली, ती घेतली.

११ ऑक्टोबर, शनिवार

राग आला आहे. लिहूनच टाकतो. चौघांनी देवाला सांगितलं आणि मला नाही! देवाला सगळं आधीच ठाऊक असतं असं हेच लोक गाण्यांतून लिहितात. मग त्याला सांगून काय मिळवलं? हेडफोन त्याच्या डोक्यावर आहेत का? आणि सुरुवात केली कुणी? हिने. घरचाच भेदी! दोन वर्षं रोज समोर बसून जेवते, मीठ हवंय का विचारते, आणि हे पोटात.

सकाळी मुद्दामच सुताराला गाठलं. "खरं सांग, तिसऱ्या गाण्यात तुझा आवाज जास्त झालाय का रे?"

"छे छे, काका! एकदम मस्त आहे."

कान लालबुंद. खोटं बोलायलाही अक्कल लागते, ती या सज्जन माणसाकडे नाही.

सगळे बाजारात गेल्यावर हेडफोन उलटे घातले. उजवीकडचा डाव्या कानावर. इतकी साधी गोष्ट दोन वर्षांत केली नव्हती. का केली नव्हती, ते मला माहीत आहे.

सुतार माझ्या मांडीवर बसल्यासारखा गात होता. नर्सबाईची ती चादर त्याच्या आवाजाखाली कुठे गेली कळत नाही. ही तर जणू शेजारच्या घरात. चारही गाणी तशीच. मला उजवीकडचं कमी ऐकू येत होतं, म्हणून उजवीकडच्या माणसाला मी माइकच्या तोंडात नेऊन उभं केलं, वर त्याच्याभोवती गोल आखला. तो बिचारा जीव वाचवायला मागे सरकत होता.

चारही पुन्हा करावी लागतील. नाही तर अशीच छापायची. मी काही बोललो नाही, तर हे लोक तशीच छापतील! गुण सांगत सांगत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

राग थोडा उतरला, तशी दुसरी गोष्ट दिसायला लागली. ती रागाहून वाईट.

मागे एकदा मास्तरांनी भीत भीत विचारलं होतं, "मागे जराशी घरघर येते का रे?" त्यावर मी तीन गावं कुणाशी बोललो नव्हतो. मोजून तीन. मशीन मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड. मग ही मला येऊन म्हणाली होती, "अहो, त्यांनी घरघर म्हटलं, चोरी नाही म्हटलं." तिच्याशीही बोललो नाही. आणि त्याआधी एक व्हायोलिनवाली मुलगी यायची. तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हे वाजवणं आहे की करवत?" ती परत आली नाही. सुतार तेव्हा हजर होता. करवतीचा विनोद त्याला आवडेल असं मला वाटलं होतं.

मग मला कोण कशाला सांगेल? मास्तरांचा नियम सगळ्यांसाठी होता, पण कामाला आला तो माझ्यासाठीच.

आणि भीती आहे ती वेगळीच. मी लिहीत नाही, गात नाही, चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली तर दार सांभाळायला जातो. मी ऐकतो. तेच गेलं, तर या व्हॅनमध्ये मी कोण? हिचा नवरा. सामान उचलणारा. आणि तेही कंबरेमुळे फार दिवस नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. हिला सांगितलं, वायर आणायला जातोय.

काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला फटाफट दाबलं. मग उजवा सुरू झाला. बसलो. बसूनच राहिलो. काचेपलीकडे डॉक्टरबाईंचा हात मशीनवर फिरताना दिसत होता, म्हणजे आवाज चालू होता. एकोणीस वर्षं मशीनच्या त्या बाजूला मी असतो.

"उजवा जवळजवळ गेलाय. डावा वयाच्या मानाने ठणठणीत. कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं," तोंडातून गेलंच. मोठ्याने पहिल्यांदा.

"काम काय करता?"

"ऐकतो."

हसल्या. मी हसत नाही हे बघून थांबल्या. कानाचं यंत्र लावून बोलणं बरं ऐकू येईल म्हणाल्या. गाण्याचं सांगता येत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वायर आणायची राहूनच गेली. हिने विचारलंही नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाचवं गाणं. सुताराच्याच वर्कशॉपमध्ये. भुशाचा वास, कोपऱ्यात पाय नसलेल्या सहा खुर्च्या. गाणं त्याच्या पहिल्यावहिल्या दारावर आहे, जे त्याने तिरपं बसवलं होतं आणि मालकाने तसंच ठेवून घेतलं.

प्रार्थनेसाठी चौघं उभे राहिले. मी बटण दाबलं. बोट ठेवून बघितलं, खाली गेलंय. नेहमीप्रमाणे दाराकडे निघालो, आणि दारातून परत फिरलो. म्हटलं, "मशीन बंद आहे. मला बोलायचंय."

जे होतं ते सांगितलं. उजवा कान गेलाय. डॉक्टरचा कागद दाखवला. चारही गाणी वाकडी आहेत, पुन्हा करावी लागतील. आणि दवाखान्यातली तुमची प्रार्थना मी ऐकली. मशीन चालू राहिलं ते कानामुळे, ऐकत बसलो ते माझ्यामुळे. माफ करा. मागच्या त्या तीन गावांबद्दलही माफ करा.

मग मास्तर सवयीने म्हणाले, "आमेन." आणि स्वतःच दचकले.

नर्सबाईने कागद हिसकावून घेतला, वाचला, आणि मला अशी रागावली की मी तिचा पेशंटच! रागावता रागावता रडायला लागली. सुताराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, म्हणजे... मी मागे जाऊ?"

"जा रे बाबा! भिंतीला टेकेपर्यंत जा!"

सगळे हसले. मला रडू आलं. आलं तर आलं.

हिने चपलेने सगळ्या फुल्या पुसून काढल्या, माझ्या गळ्यातले हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर चढवले आणि मला तिच्या जागी उभं केलं. "माझी ओळ गुणगुणा. आवाज बघायचाय." मी! गायलो तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले, आणि ती भक्ती नव्हती. हिने सुताराला तीन पावलं मागे नेलं, मास्तरांना एक पुढे, नर्सबाईची गिटार थोडी वळवली. मी खडू घेऊन तिच्यामागे. मग ती आपल्या फुलीवर गेली, मी मशीनवर. एका दमात झालं.

हेडफोन एकदा असे, एकदा उलटे घालून ऐकलं. दार तिरपंच होतं. गाणं सरळ होतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभर उलट्या दिशेने फिरतो आहोत. शाळा, दवाखाना, आधीच्या दोन्ही जागा. चारही पुन्हा झाली. तसंच, आधी हिच्या कानाने फुल्या आणि मग गाणं. नर्सबाईची चादर आता ऐकू येते.

आजच्या 'ऐकण्यात' मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, नियम रद्द. आजपासून दोषही माणसालाच सांगावा, पण त्याच्या समोर आणि पोटभर जेवण झाल्यावर.

बांधच फुटला! मास्तरांच्या गाण्यात अकरा कडवी असतात आणि त्यातली सहा एकच आहेत. नर्सबाई प्रत्येक गाणं आधीपेक्षा वेगात संपवते, ड्यूटी सुटल्यासारखी. सुतार गाडी चालवताना हातवारे करतो. ही चहा फार उकळते. हा दोष तिला एकोणतीस वर्षांत मीही सांगितला नव्हता. तासभर चाललं. कुणी फुटलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा सुतार म्हणाला, "काका, तुम्ही ओरडता." मी ओरडणार होतो. थांबलो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सातही झाली. सकाळी सुतार सीडी छपाईला घेऊन जाईल. कानाच्या यंत्राचं माप दिलं आहे.

वेष्टनावर माझ्या नावापुढे नेहमी 'ध्वनिमुद्रण' असतं. मी हिचंही नाव तिथे लिहायला सांगितलं. ती नको म्हणाली. मी दोष सांगितला, की फार नको नको म्हणतेस. लिहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

दुपारी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, सगळं झालं, पण एक कळत नाही. दोन वर्षं तू गप्प होतीस. मग त्या दिवशी दवाखान्यात कानाचा विषय तूच का काढलास?

"मशीनवरचे आकडे पळत होते."

"तुला दिसले?"

"मी कुठे डोळे मिटते प्रार्थनेत?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

टॉवेल झटकला, घडी घातली, माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवला.

"सांगितलं की!"